तीस विद्यार्थी, साठ गट : आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या रचनेचे एक प्रकरण

एका विद्यापीठात आरोग्य आणि सामाजिक सेवा या क्षेत्रांतले सहा पदवी अभ्यासक्रम चालतात. एका वर्षाच्या तुकडीत वैद्यकीयचे 150, नर्सिंगचे 200, फार्मसीचे 80, फिजिओथेरपीचे 50, ऑक्युपेशनल थेरपीचे (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) 30 आणि समाजकार्याचे 30 असे एकूण 540 विद्यार्थी असतात. पुढे आयुष्यभर ज्यांना एकाच रुग्णाभोवती काम करायचे आहे, ते पदवी मिळेपर्यंत एकमेकांना फक्त ग्रंथालयात आणि रुग्णालयाच्या जिन्यात भेटतात, ही तक्रार जुनी होती. तिच्यावर उपाय म्हणून सहाही विभागांच्या प्रतिनिधींची एक समिती नेमण्यात आली. सर्वांसाठी सक्तीचा, श्रेयांक असलेला आंतरव्यावसायिक शिक्षणाचा घटक तयार करणे हे तिचे काम होते.

हे विद्यापीठ शोधायला गेल्यास सापडणार नाही. असा घटक रचताना जे प्रश्न ठिकठिकाणी उभे राहतात ते एका जागी आणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे, आणि आकडेही गणित डोळ्यांपुढे राहावे इतपत गोल ठेवले आहेत. संस्था, संशोधन आणि वर्षे यांचे जे उल्लेख पुढे येतात ते मात्र खरे आहेत.

पहिले वर्ष : एकच सभागृह

समितीने पहिल्या वर्षी सर्वांत सोपा मार्ग घेतला. संवादकौशल्य, व्यावसायिक नीतिमूल्ये आणि रुग्णसुरक्षा हे विषय सहाही अभ्यासक्रमांत थोड्याफार फरकाने शिकवले जात होतेच, तेव्हा ते सर्वांना एकत्र बसवून एकदाच शिकवावेत असे ठरले. शिक्षकांचे तास वाचले, वेळापत्रक जुळले आणि अहवालात 'सहा विद्याशाखांचे विद्यार्थी एकत्र शिकले' असे खरेखुरे वाक्य लिहिता आले. प्रत्यक्षात सभागृहातल्या रांगा पाहून कोण कुठल्या विभागाचे ते न विचारता सांगता येत होते. व्याख्यान संपले की जो तो आपल्या रांगेतल्यांबरोबर बाहेर पडे, आणि वर्षाच्या शेवटी दुसऱ्या विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव सांगा म्हटले तर बहुतेकांना ते सांगता येत नव्हते.

येथे व्याख्येकडे वळणे भाग आहे. ब्रिटनमध्ये 1987 साली स्थापन झालेल्या, अशा शिक्षणाला चालना देणाऱ्या 'केप' (CAIPE) या संस्थेने 2002 मध्ये दिलेली व्याख्या आज जगभर वापरली जाते. सहकार्य आणि सेवेची गुणवत्ता सुधारावी म्हणून दोन किंवा अधिक व्यवसायांतील व्यक्ती जेव्हा एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, तेव्हा त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणावे, असा तिचा आशय आहे. सभागृहातल्या व्याख्यानांत यातले फक्त 'सोबत' होते. 'एकमेकांकडून' नव्हते, कारण सगळे व्याख्यात्याकडून शिकत होते. 'एकमेकांविषयी' नव्हते, कारण शेजारच्या रांगेत बसलेल्याचे काम काय हा विषयच नव्हता. याला फार तर बहुव्यावसायिक शिक्षण म्हणता येईल. व्याख्येतला 'दोन किंवा अधिक' हा भाग समितीने त्या वेळी वाचूनही सोडून दिला होता. त्याचे मोल नंतर कळले.

समितीतल्या समाजकार्याच्या प्राध्यापकांनी या टप्प्यावर एक मुद्दा मांडला आणि तो पुढच्या सगळ्या रचनेचा आधार ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने 1988 मध्ये एकत्र शिकण्याविषयीचा अहवाल काढला आणि 2010 मध्ये कृतीचा आराखडा दिला. म्हणजे कल्पनेला पाठिंबा कधीच कमी नव्हता. पण या विषयाला निकड आली ती ब्रिटनमधल्या काही चौकशी अहवालांमुळे. ब्रिस्टलमधील बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांविषयीचा अहवाल 2001 चा. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये छळाने मरण पावली, आणि तिच्याविषयीचा लॉर्ड लॅमिंग यांचा अहवाल 2003 मध्ये आला. सामाजिक सेवा, पोलीस आणि रुग्णालये अशा अनेक यंत्रणांच्या नजरेखालून ती गेली होती, आणि तिला वाचवता येईल अशा किमान 12 संधी हुकल्या असे चौकशीत निघाले. त्या यंत्रणांतील माणसांकडे आपापल्या विषयाचे ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. एकाकडची माहिती दुसऱ्यापर्यंत अर्थासह पोचली नाही, आणि दुसऱ्याने ती मागितली नाही. प्राध्यापकांचे म्हणणे असे की, शिकवायचे असेल तर नेमके हे मागणे आणि पोचवणे शिकवावे. सहकार्याच्या महत्त्वावर व्याख्यान कशाला?

उद्दिष्टे

अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरव्यावसायिक क्षमतांच्या यादीत मूल्ये व नीती, भूमिका व जबाबदाऱ्या, संवाद आणि संघकार्य अशी चार क्षेत्रे आहेत. कॅनडातल्या 2010 च्या आराखड्यात सहा आहेत. समितीने दोन्ही समोर ठेवून सुरुवातीला वीसहून अधिक उद्दिष्टे लिहिली, आणि त्यांतली बहुतेक 'समजणे', 'जाणणे', 'आदर बाळगणे' अशा क्रियापदांनी संपत होती. आदर बाळगला की नाही हे खोलीत बसून कसे ओळखायचे, या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. अखेर डोळ्यांनी दिसतील आणि कानांनी ऐकू येतील अशीच उद्दिष्टे ठेवायची असे ठरले, आणि चार उरली. आपल्याकडच्या माहितीपैकी दुसऱ्या व्यवसायाला कोणती लागेल हे न विचारता सांगता येणे; आपल्याला न कळणारी गोष्ट कोणाला विचारावी हे ठरवून तसे विचारणे; दुसऱ्या व्यवसायाचा अग्रक्रम त्या व्यवसायाच्या माणसाला पटेल अशा शब्दांत मांडता येणे; आणि मतभेद उरला तर तो झाकून न ठेवता लेखी नोंदवता येणे. चौथ्या उद्दिष्टाला बराच विरोध झाला, कारण मतभेद म्हणजे संघकार्यातले अपयश अशी अनेकांची समजूत होती. माझ्या मते चारांत तेच सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी आहे.

पहिली चाचणी आणि 'इतर' नावाचा रकाना

दुसऱ्या वर्षी घटक सर्वांना लागू करण्याआधी बारा गटांवर चाचणी घेण्यात आली. प्रत्येक गटात सहाही अभ्यासक्रमांचे विद्यार्थी होते आणि सर्वांना एकच लेखी प्रकरण दिले होते : छातीत दुखू लागल्याने रात्री दाखल झालेला मध्यमवयीन पुरुष, त्याचा हृदयालेख (ईसीजी), रक्ततपासण्या, आधीचे आजार आणि शेवटी 'या रुग्णाच्या सेवेचा आराखडा तयार करा' ही सूचना. प्रकरण वैद्यकीय विभागाच्या जुन्या संग्रहातून घेतले होते. ते चांगले होते, तपासलेले होते आणि तयार होते.

निरीक्षकांच्या नोंदी वाचल्या तर जवळजवळ प्रत्येक गटात एकच गोष्ट घडलेली दिसते. फळ्याशी वैद्यकीयचा विद्यार्थी उभा राहिला. कोणी त्याला उभे केले नव्हते आणि कोणी हरकतही घेतली नव्हती. हृदयालेख त्यालाच वाचता येत होता, आणि हृदयालेख पहिल्याच पानावर होता. पुढची वीस मिनिटे निदान आणि औषधे यांवर गेली. त्यात फार्मसीचे विद्यार्थी अधूनमधून बोलले आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी नोंदी कधी घ्यायच्या हे सांगितले. एका गटात समाजकार्याच्या विद्यार्थिनीने विचारले, 'यांच्या घरी कोण आहे? कामावर रजा मिळते का?' प्रश्न ऐकला गेला, सभ्यपणे मान डोलावली गेली, आणि आराखड्याच्या तक्त्यात तो सर्वांत खाली 'इतर' या रकान्यात लिहिला गेला. तो तक्ता समितीनेच छापून दिला होता आणि 'इतर' हा रकानाही समितीचाच होता.

त्या गटाचे सुलभक, म्हणजे चर्चेला साहाय्य करणारे, अनुभवी शिक्षक होते. त्यांनी मधे हस्तक्षेप का केला नाही असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, 'गट छान चालला होता, वेळेत संपला.' या उत्तरावर हसण्याचे कारण नाही. बाहेरून पाहता गट खरोखरच छान चालला होता. विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्राय-पत्रिकांतही समाधान भरपूर होते, आणि समाजकार्याच्या त्या विद्यार्थिनीनेही 'खूप शिकायला मिळाले' असेच लिहिले होते. काय शिकायला मिळाले, हा प्रश्न पत्रिकेत नव्हता.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलेले संपर्काचे गृहीतक येथे उपयोगी पडते. दोन समूहांतले पूर्वग्रह नुसत्या भेटीने कमी होत नाहीत. भेटीत दोघांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते गाठण्यासाठी परस्परांची गरज पडावी लागते आणि अधिकारात असलेल्यांचा पाठिंबा दिसावा लागतो. या अटी नसतील तर भेटीमुळे पूर्वग्रह उलट पक्केही होऊ शकतात. ह्यूस्टन आणि ब्राउन यांनी 1986 मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली : समोरची व्यक्ती तिच्या समूहाची प्रतिनिधी म्हणून ओळखली गेली तरच त्या व्यक्तीविषयीचे मत समूहाला लागू होते. म्हणून आंतरव्यावसायिक गटात 'आपण सगळे सारखेच' असे म्हणून फरक पुसणे उपयोगाचे नाही. फरक दिसला पाहिजे आणि तो कामाला आला पाहिजे.

चाचणीत उद्दिष्ट एक होते आणि पाठिंबाही होता. दर्जा मात्र पहिल्या पानावरच बिघडला होता, आणि तो विद्यार्थ्यांच्या स्वभावामुळे बिघडला नव्हता. समितीतल्या काहींनी 'वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना नम्रतेचे एक सत्र द्यावे' असे सुचवले होते. ते नाकारले गेले हे बरे झाले. ज्या प्रकरणात उत्तर एकालाच ठाऊक असते, त्यात तो एकटा बोलणार. त्याने बोलू नये अशी अपेक्षा ठेवणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आणि रुग्णाच्याही तोट्याचे.

नवे प्रकरण : नववा दिवस

म्हणून रचना करताना प्रश्न उलटा विचारला गेला : सहांपैकी कोणा एकालाही एकट्याने उत्तर देता येणार नाही असा प्रसंग कोणता? निदान आणि उपचार यांचा क्षण सोडून समितीने डिस्चार्जचा क्षण निवडला. तेथे आजार, घर, औषधे, चालणे, नातेवाईक आणि रुग्णाची इच्छा हे सगळे एकाच दिवशी एकत्र येतात.

प्रकरणातल्या बाई 78 वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. घरात पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आज नववा दिवस आहे. प्रश्न एकच : गुरुवारी त्यांनी घरी जावे की नाही, आणि जायचे तर तोवर कोणी काय करायचे? सर्वांसाठी असलेल्या पानावर एवढेच छापले. बाकी माहिती सहा टिपणांत वाटली. टिपण वाचायचे, पण हातातून द्यायचे नाही. जे सांगायचे ते स्वतःच्या शब्दांत.

वैद्यकीय टिपणात जखम भरत असल्याची, रक्तदाबाच्या आजाराची आणि खाट लवकर रिकामी होण्याच्या अपेक्षेची नोंद होती. फिजिओथेरपीचे टिपण सांगत होते की बाई वॉकर घेऊन खोलीभर चालतात, पण पायरी चढलेल्या नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीच्या टिपणात घराच्या दाराशी असलेल्या तीन पायऱ्या आणि न्हाणीघराचा उंच उंबरा होता. नर्सिंगच्या टिपणात रात्रीच्या नोंदी होत्या : चौथ्या रात्रीपासून बाई गोंधळतात, गेलेल्या पतीला हाका मारतात, दिवसा मात्र नीट बोलतात. फार्मसीच्या टिपणात सात औषधांची यादी होती आणि प्रत्येकापुढे सुरू केल्याची तारीख. त्यांतली झोपेची गोळी वॉर्डमध्ये चौथ्या दिवशी सुरू झालेली होती. समाजकार्याच्या टिपणात मुलाचे म्हणणे होते : आई आता एकटी राहू शकत नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवावे, तिची बुद्धी ठिकाणावर नाही.

या रचनेतला खरा सांधा नर्सिंग आणि फार्मसीच्या टिपणांत आहे. चौथी रात्र आणि चौथा दिवस हे दोन आकडे दोन वेगळ्या माणसांकडे आहेत. ते शेजारी आले तर हा संभ्रम शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारा डेलिरियम, म्हणजे अचानक येणारा तात्पुरता गोंधळ, असू शकतो, गोळीने तो वाढला असू शकतो आणि तो उतरूही शकतो, हे वैद्यकीय विद्यार्थ्याला सुचते. ते शेजारी आले नाहीत तर तो स्मृतिभ्रंश समजला जातो, मुलाच्या म्हणण्याला वैद्यकीय आधार मिळतो आणि बाईंचे उरलेले आयुष्य वेगळ्या छपराखाली जाते. वैद्यकीय विद्यार्थ्याचे ज्ञान येथेही निर्णायक आहे, पण ते वापरण्यासाठी लागणारा पुरावा त्याच्या हातात नाही. मग समाजकार्याच्या विद्यार्थ्याला उत्तर शोधावे लागते की, रात्री गोंधळणारी व्यक्ती दिवसा स्वतःच्या राहण्याविषयी निर्णय घेऊ शकते का. निर्णयक्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहायची असते, हे तत्त्व त्या खोलीत बहुधा त्यालाच ठाऊक असते.

मसुद्यात आणखी एक गोष्ट होती : पडण्याच्या आधीचा वाटणारा, दंडावरचा एक वळ. ती नंतर काढून टाकली. दोन प्राध्यापकांनी प्रकरण मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की, छळाची शंका एकदा आली की गटात दुसरे काहीच उरत नाही. पायऱ्या, गोळ्या, उंबरा सगळे मागे पडते आणि समाजकार्याचा विद्यार्थी पहिल्या चाचणीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या जागी जाऊन बसतो. तो विषय महत्त्वाचा आहे, पण त्याला वेगळे प्रकरण हवे.

टिपणे वाटण्याच्या पद्धतीचा एक दोषही कबूल केला पाहिजे. विद्यार्थी स्वतःच्या टिपणाचा निरोप्या बनतो : 'माझ्याकडे हे लिहिले आहे' असे वाचून दाखवतो आणि मोकळा होतो. त्यामुळे सहा आठवड्यांच्या घटकात तिसऱ्या आठवड्यात टिपणे परत घेतली जातात आणि प्रत्येकाने शेजारच्या व्यवसायाचा अग्रक्रम मांडायचा असतो. त्या व्यवसायाचा विद्यार्थी 'हो, माझे म्हणणे हेच' असे म्हणेपर्यंत पुन्हा मांडायचा. या सत्राला वेळ फार लागतो. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम करून घेणे एवढेच समजणाऱ्याला 'पायरी चढता येणे' आणि 'घरी एकटीने पायरी चढण्याचा धोका पत्करणे' यांतला फरक सांगता येईपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात.

गणित

रचनेतला सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भाग गणिताचा होता, आणि समितीच्या बैठकांचे सर्वाधिक तास त्यावरच गेले. 540 विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे साठ गट होतात. समाजकार्याचे विद्यार्थी तीस. ऑक्युपेशनल थेरपीचेही तीस. प्रत्येक गटात सहाही व्यवसाय हवेत हा आग्रह आकड्यांपुढे टिकत नव्हता.

पहिला प्रस्ताव असा की, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन गटांना 'सल्लागार' म्हणून भेट द्यावी. तो समाजकार्य विभागाने तत्काळ फेटाळला, आणि योग्यच केले : इतरांनी गटात राहायचे आणि एकाने पाहुणा म्हणून येऊन जायचे, यात ऑलपोर्ट यांची पहिली अट पुन्हा मोडते, शिवाय त्या तीस जणांना दुप्पट तास लागतात. दुसरा प्रस्ताव, तीस गटांत एकेक. त्यावर आक्षेप असा की, एकटा विद्यार्थी नऊ जणांत आपल्या व्यवसायाचा सगळा भार वाहतो. तो गप्प बसला की व्यवसायच गप्प बसतो. तिसरा, पंधरा गटांत दोन-दोन. समितीने तिसरा स्वीकारला. मला स्वतःला दुसरा अधिक योग्य वाटला असता, कारण त्यात दुप्पट गटांना समाजकार्याचा विद्यार्थी भेटतो. पण जोडीने आलेले विद्यार्थी अधिक बोलतात हे निरीक्षकांचे म्हणणे मी खोडू शकत नाही.

येथे व्याख्येतले 'दोन किंवा अधिक' कामी आले. प्रत्येक गटात सगळे असलेच पाहिजेत असे व्याख्या कधीच म्हणत नव्हती. ती सक्ती समितीने स्वतःवर लादून घेतली होती. मग रचना अशी ठरली : पंधरा गटांत समाजकार्याची जोडी, दुसऱ्या पंधरा गटांत ऑक्युपेशनल थेरपीची जोडी, आणि या तीसही गटांना डिस्चार्जचे प्रकरण. ज्यांच्याकडे जो व्यवसाय नाही त्याचे टिपण त्यांना मिळत नाही. प्रत्येक गटाला समोरच्या पंधरांतला एक जोडगट ठरवून दिला आहे. लागेल ती माहिती लेखी प्रश्न पाठवून मागवायची, आणि चौथ्या आठवड्यात दोन्ही गट प्रत्यक्ष भेटतात. अडचणीतून निघालेली ही तोड मूळ योजनेपेक्षा सरस निघाली, कारण नीट न विचारलेल्या प्रश्नाला कसे निरुपयोगी उत्तर येते हे विद्यार्थ्यांना त्यातच पहिल्यांदा कळते. 'घराची माहिती पाठवा' असे लिहिणाऱ्या गटाला घराचा रंगसुद्धा कळवला गेला; पायऱ्या मात्र निसटल्या.

उरलेल्या तीस गटांत वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसी, आणि विद्यार्थी पुरतात तेथे फिजिओथेरपी, एवढेच व्यवसाय आहेत. त्यांना वेगळे प्रकरण दिले आहे : फुप्फुसांच्या जुनाट आजाराने वर्षात तिसऱ्यांदा दाखल झालेला रुग्ण. सामाजिक बाजू त्यातही आहे, पण ती मांडायला गटात कोणी नाही. म्हणून गटाने समाजकार्यकर्त्याला विचारायचे प्रश्न लिहायचे आणि क्षेत्रात काम करणारी व्यक्ती पाचव्या आठवड्यात येऊन त्यांना उत्तरे देते. ही तडजोड आहे आणि ती तडजोड म्हणूनच नोंदवलेली आहे.

वेळ, सुलभक आणि गुण

घटक कोणत्या वर्षी ठेवावा, यावर दोन मते होती. व्यवसायांविषयीच्या ठरीव प्रतिमा विद्यार्थी प्रवेश घेतानाच सोबत आणतात असे अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा लवकर सुरुवात करावी, हे एक. स्वतःच्या व्यवसायाचे काम पाहिल्याशिवाय त्याच्या वतीने बोलणार काय, हे दुसरे. दुसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध ठरला, म्हणजे नर्सिंगची पहिली पोस्टिंग आणि समाजकार्याचे पहिले क्षेत्रकार्य होऊन गेल्यावर. आठवड्यातली एक दुपार सहाही विभागांनी रिकामी ठेवायची, एवढ्या एका वाक्यासाठी वर्ष लागले.

सुलभकांची तयारी करताना त्यांना आधी विद्यार्थी म्हणून तेच प्रकरण सोडवायला लावले. सहा विभागांचे शिक्षक गोल बसले, टिपणे वाटली गेली, आणि दोन मिनिटांत शल्यचिकित्सेचे प्राध्यापक उठून फळ्याशी गेले. ते स्वतःच थबकले आणि खडू खाली ठेवून परत येऊन बसले. त्या दिवशी आणखी काही शिकवायची गरज पडली नाही. प्रत्येक गटाला दोन सुलभक मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे शेजारच्या दोन खोल्यांत दोन वेगळ्या व्यवसायांचे सुलभक नेमले आणि मध्यावर त्यांनी खोल्या बदलायच्या असे ठरवले. चाळिसाव्या मिनिटाला सुलभकाने एकच प्रश्न विचारायचा : 'अजून कोणाकोणाला काहीच विचारलेले नाही?' 'कोण बोलले नाही' असे मुद्दाम विचारायचे नाही, कारण त्यात दोष गप्प बसलेल्यावर जातो.

गुणांच्या बाबतीत चाचणीच्या वेळी समाजकार्याने या घटकाला वीस गुण दिले होते आणि वैद्यकीयने फक्त हजेरी मानली होती. शेवटच्या दोन सत्रांत कोणाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या हे सांगायला नको. जॉन बिग्ज यांनी 1996 मध्ये मांडलेले, उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन एकाच दिशेला हवे, हे सूत्र सगळेच शिक्षक मान्य करतात. सहा परीक्षा मंडळांकडून ते मान्य करून घेणे वेगळे. अखेर सहाही अभ्यासक्रमांत घटक उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले. मूल्यमापनाचे दोन भाग आहेत : गटाचा आराखडा, ज्यात मतभेदाची नोंद असेल तर ती गुणांस पात्र आहे, आणि व्यक्तिगत एक पान, ज्यात विद्यार्थ्याने कोणाच्या कोणत्या बोलण्यामुळे आपले मत बदलले ते लिहायचे.

परिणाम कशावरून ओळखायचा

विद्यार्थ्यांची एकत्र शिकण्याची तयारी मोजण्यासाठी पार्सेल आणि ब्लाय यांनी 1999 मध्ये तयार केलेली 19 विधानांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. समितीने ती वापरली आणि बाजूला ठेवली. सहकार्य चांगले असते का, या धर्तीच्या प्रश्नांना विद्यार्थी पहिल्याच दिवशी वरच्या टोकाचे उत्तर देतात, आणि मग वाढायला जागा उरत नाही. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांचा संशोधक बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रासाठी विस्तार केला आहे : प्रतिक्रिया, दृष्टिकोनातला बदल, ज्ञान व कौशल्य, वागण्यातला बदल, संस्थेच्या कामातला बदल आणि रुग्णाचा लाभ. बहुतेक विद्यापीठे पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच थांबतात. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात 2000 साली निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नव्हता, 2008 मध्ये सहा सापडले आणि 2013 मध्ये पंधरा. त्या पंधरांपैकी सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, आणि चारांत काहीच नाही. एवढ्या पुराव्यावर मोठे दावे करता येत नाहीत, आणि समितीने ते केलेले नाहीत.

त्याऐवजी निरीक्षक एक साधी नोंद करतात : कोणी कोणाला प्रश्न विचारला. कोण किती बोलले हे मोजण्यापेक्षा हे अधिक सांगते, कारण बडबडे विद्यार्थी सगळ्याच विभागांत असतात. प्रश्न मात्र ज्याच्याकडे काही आहे असे वाटते त्यालाच विचारला जातो. पहिल्या चाचणीत प्रश्नांचे बाण जवळजवळ सगळे फळ्याकडे जात होते. नव्या प्रकरणात ते खोलीभर फिरतात. फार्मसीकडून नर्सिंगकडे आणि उलट जाणारे सर्वांत जास्त. समाजकार्याच्या जोडीकडे प्रश्न उशिरा येतात, साधारण मुलाचे म्हणणे पुढे आल्यावर, पण आले की थांबत नाहीत. छापील तक्त्यातला 'इतर' हा रकाना काढून टाकला आहे.

यातले किती वॉर्डमध्ये टिकते, हे या घटकातून कळत नाही. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे 1986 पासून आरोग्यशाखांचे एकत्र शिक्षण आहे, आणि 1996 पासून वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी देखरेखीखाली एक वॉर्ड मिळून चालवतात. तसे करण्याचा प्रस्ताव समितीपुढे दोनदा आला. दोन्ही वेळा तो समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी वॉर्डमध्ये दिवसभर नेमके काय करायचे या प्रश्नावर अडला, आणि अजून तेथेच आहे.

दरम्यान प्रकरण छापायला जाण्याआधी ते रुग्णांच्या सल्लागार गटातल्या एका वृद्ध बाईंना वाचायला दिले होते. त्यांनी सहाही टिपणे वाचली आणि विचारले, या बाई स्वतः कुठे काहीच कशा बोलत नाहीत? समितीने तेव्हा सातवे टिपण लिहिले. त्यात बाईंचे स्वतःचे चार शब्द आहेत : घरी जायचे आहे, पडण्याची भीती वाटते, आणि हे सगळे मुलासमोर विचारू नका. हे टिपण कोणाच्या हाती द्यायचे यावर एक अख्खी बैठक झाली. नर्सिंग म्हणाले आमच्या, समाजकार्य म्हणाले आमच्या, वैद्यकीय म्हणाले कोणाच्याही. अखेर ते कोणालाच दिले नाही. ते टेबलाच्या मधोमध पालथे ठेवतात, वरच्या बाजूला काही लिहिलेले नसते, आणि कोणीही ते उचलू शकतो. सुलभक फक्त कितव्या मिनिटाला उचलले ते टिपून ठेवतो. बहुतेक गटांत अर्ध्या तासानंतर कोणीतरी हात पुढे करते. काही गटांत वेळ संपते, आराखडा पूर्ण झालेला असतो, खुर्च्या सरकतात, आणि टिपण पालथेच असते.